उलटलेली कयाक आणि न घातलेले लाइफ जॅकेट

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन लेक नावाचा तलाव आहे. राज्यातील नैसर्गिक तलावांमध्ये तो सर्वाधिक खोल मानला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये कयाक घेऊन या तलावावर एकटाच मासे पकडायला गेलेला एक गृहस्थ घरी परतला नाही. शोध सुरू झाला तेव्हा दोनशे फुटांहून अधिक खोल पाण्याच्या भागात त्याची उलटलेली कयाक सापडली, लाइफ जॅकेट सापडले. पुढे त्याची गळाची काठी आणि पाकीट व किल्ल्या असलेला सामानाचा डबाही हाती लागला. शेरीफच्या कार्यालयाने आणि स्वयंसेवकांनी सोनार यंत्रे व श्वान लावून दीड महिन्याहून अधिक काळ तलावाचा तळ धुंडाळला. मृतदेह काही मिळाला नाही, आणि तो मिळणारही नव्हता. नोव्हेंबरमध्ये उघड झाले, की गृहस्थांनी कयाक स्वतःच्या हाताने उलटवली होती. सोबत नेलेल्या फुगवण्याच्या छोट्या होडीतून त्यांनी किनारा गाठला, रातोरात इलेक्ट्रिक सायकलने मॅडिसन शहर गाठले आणि तेथून कॅनडामार्गे विमानाने थेट युरोप. डिसेंबरमध्ये ते परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना ८९ दिवसांची कैद ठोठावली, तसेच शोधकार्याच्या खर्चापोटी तीस हजार डॉलर भरण्याचा आदेश दिला.

जगभरच्या वृत्तपत्रांनी ही कथा चवीने छापली. फसवणूक, विमा, परदेशातील मैत्रीण असा सगळा मसाला तीत होता. परंतु त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. इतक्या अनुभवी यंत्रणेचा या बनावावर पहिल्याच दिवशी विश्वास का बसला? बनाव फार हुशारीने रचला होता, हे त्याचे उत्तर नव्हे. रचलेले दृश्य कमालीचे सर्वसामान्य होते, हे खरे उत्तर आहे. एकटा माणूस, मासेमारीची कयाक, कयाक उलटलेली आणि अंगावर असायला हवे ते जॅकेट पाण्यावर तरंगणारे. हे चित्र अमेरिकेतील बचाव पथके दरवर्षी पाहत असतात. त्यावर शंका घ्यावी असे त्यात काही नव्हते.

आकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. अमेरिकी तटरक्षक दल हौशी नौकानयनातील अपघातांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते. २०१९ मध्ये अशा अपघातांत ६१३ जण मरण पावले होते. २०२० मध्ये, म्हणजे करोनाच्या वर्षी, हा आकडा एकदम ७६७ वर गेला. वाढ पंचवीस टक्क्यांची. जिम बंद, चित्रपटगृहे बंद, प्रवास बंद, अशा काळात लोक पाण्याकडे वळले आणि त्यांतल्या अनेकांनी आयुष्यातील पहिली नौका म्हणून कयाक विकत घेतली. त्यानंतर एकूण मृत्यू कमी होत गेले. २०२३ मध्ये ते ५६४ पर्यंत खाली आले. मात्र नौकांच्या प्रकारानुसार मृत्यूंची विभागणी पाहिली, तर उघड्या मोटारबोटींखालोखाल दुसरा क्रमांक कयाकचा लागतो. एकूण मृत्यूंपैकी साधारण सातवा हिस्सा या चिमुकल्या, इंजिन नसलेल्या होडीच्या खात्यावर जातो. २०२३ मधील ज्या मृत्यूंचे कारण निश्चित कळले, त्यांपैकी ७५ टक्के लोक बुडून मेले आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. हे शेवटचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे हललेले नाही. नौका बदलल्या, साहित्य बदलले, हवामानाचा अंदाज खिशातल्या मोबाइलवर आला, तरीही ते तसेच आहे.

मुळात कयाक ही काही हौशी लोकांची वस्तू नव्हती. ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यांवरील लोकांनी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर सीलचे कातडे ताणले आणि शिकारीसाठी ही नौका घडवली. ती अरुंद होती, पाण्यावर डुगडुगणारी होती. परंतु तिच्यात बसणारा माणूस आपला कातडी अंगरखा नौकेच्या तोंडाशी असा आवळून बांधत असे, की नौका उलटली तरी पाणी आत शिरत नसे आणि वल्ह्याच्या एका फटक्यासरशी तो पुन्हा सरळ होत असे. नौका उलटणार हे त्याने गृहीत धरले होते. तिला सरळ करण्याची विद्या तो लहानपणापासून शिकत असे.

आज मासेमारीसाठी म्हणून विकली जाणारी कयाक तिची नावापुरती वारस आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मालिबू किनाऱ्यावर टिम नीमायर या तरुणाने सर्फबोर्डच्या कल्पनेतून वरती बसण्याची कयाक तयार केली. पाय आत घालून बसायचे नाही, पाण्यावरच्या पाटावर बसावे तसे बसायचे, आणि वर आलेले पाणी तळापर्यंत आरपार गेलेल्या छिद्रांतून आपोआप निघून जायचे. पुढे साच्यात फिरवून ओतलेल्या प्लास्टिकने ती स्वस्त झाली. १९९७ मध्ये होबी या कंपनीने पायांनी मारायच्या पेडलवर चालणाऱ्या दोन परांची यंत्रणा आणली. वल्हवण्यात गुंतलेले हात मोकळे झाले आणि गळवाल्यांना ही नौका आपली वाटू लागली. २०२० मध्ये बासमास्टर या अमेरिकेतील बड्या मासेमारी स्पर्धांच्या आयोजकांनी कयाकसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, छायाचित्र काढायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचे, अशी या स्पर्धांची रीत आहे. आता तर उपग्रहाच्या साह्याने एकाच जागी थांबवून धरणारी विजेची मोटर, पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा, उंच खुर्ची असा थाट आहे. पन्नास किलोंच्या वर वजन आणि चार-पाच हजार डॉलर किंमत असलेल्या नौकेला कयाक म्हणायचे की नाही, हा वाद आता अमेरिकेतील जुन्याजाणत्यांत रंगतो. असो.

वादाचा मुद्दा नावाचा नाही. या प्रवासात एक गोष्ट गळून पडली, ती महत्त्वाची आहे. बर्फाळ प्रदेशातील शिकाऱ्याने उलटणे गृहीत धरले होते. आजचा विक्रेता ‘ही उलटत नाही’ असे सांगून नौका विकतो. ग्राहकही दुकानात हाच प्रश्न विचारतो. हिच्यावर उभे राहता येते का? काठ्या ठेवायला किती खोबणी आहेत? खुर्चीला पाठ आहे का? उलटल्यावर मी हिच्यावर पुन्हा चढू शकेन का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मासेमारीची कयाक निवडताना पहिला मान या प्रश्नाला द्यायला हवा. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

त्याचे कारण या नौकेच्या बांध्यातच आहे. पस्तीस-छत्तीस इंच रुंद कयाक शांत पाण्यात खरोखरच जमिनीसारखी स्थिर वाटते. तीवर उभे राहून गळ टाकता येतो. परंतु रुंद आणि सपाट तळाची नौका पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू पाहते. लाट आडवी आली की तीही लाटेबरोबर कलते. विशिष्ट कोनापर्यंत ती मुळीच दाद देत नाही आणि तो कोन ओलांडला की एकदम पालथी होते. अरुंद, गोलसर तळाची नौका सुरुवातीला अस्वस्थ करणारी वाटते, पण कलल्यावरही ती बराच वेळ माणसाला सावरायची संधी देते. याहून मोठी मेख पुढे आहे. रुंद कयाक जितकी सुलटी स्थिर, जवळजवळ तितकीच ती उलटीही स्थिर असते. पन्नास किलोंची, वर बॅटरी आणि खुर्ची बसवलेली नौका पाण्यात पोहणाऱ्या एकट्या माणसाने सरळ करणे हे दमछाक करणारे काम आहे. म्हणूनच अनुभवी लोक अशा नौकेच्या कडेला आधीच एक पट्टा बांधून ठेवतात. तो तळावरून पलीकडून ओढून घ्यायचा, पाय कडेला रोवायचे आणि अंगाचा सारा भार मागे टाकायचा. मग पालथे पडून पोट नौकेवर घ्यायचे, पाय मारत पुढे सरकायचे, कुशीवर वळायचे आणि शेवटी बसायचे. वाचायला सोपे आहे. किनाऱ्याजवळ, छातीभर पाण्यात, कुणी सोबत असताना आठ-दहा वेळा करून पाहिले नसेल, तर खोल पाण्यात घाबरलेल्या अवस्थेत ते पहिल्यांदाच जमेल अशी आशा धरू नये. जी कयाक आपल्याला अशी सरळ करता येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी आपली नव्हे.

हा निकष लावला की बाकीची निवड बरीच सोपी होते. लहान तलाव आणि अरुंद खाडी यांसाठी दहा ते बारा फुटांची नौका पुरते. उघड्या समुद्राशी गाठ असेल तर बारा-चौदा फूट लांबी आणि थोडी कमी रुंदी बरी, कारण लांब नौका पाणी कापते आणि वाऱ्यात वाट सोडत नाही. पाय आत घालून बसायच्या कयाकमध्ये ऊब मिळते, पण ती पाण्याने भरली तर खोल पाण्यात रिकामी करणे जवळजवळ अशक्य असते. नवख्या गळवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. कंपनी जे कमाल वजन छापते, त्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच माणूस आणि सामान मिळून भार ठेवावा, असे जाणकार सांगतात. कंपनीचा आकडा हा नौका तरंगण्याचा असतो, नीट चालण्याचा नव्हे. पंप मारून फुगवायच्या कयाक आता आपल्याकडेही सहज मिळतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती सोय मोठी आहे, हे मान्य. पण त्या वाऱ्यापुढे पालापाचोळ्यासारख्या वाहतात, आणि गरीचे टोक व माशाचा काटा या दोहोंशी त्यांचे जन्माचे वैर आहे.

एक धोका तर दिसतच नाही. वर बसायच्या कयाकचे पोट पोकळ असते. छिद्राच्या कडेला तडा गेला, सामानाचे झाकण नीट बसले नाही किंवा तळाचे बूच लावायचे राहून गेले, तर पाणी आत साचत जाते. वर बसलेल्याला ते कळत नाही. नौका जरा जड झाली आहे, वळायला आळस करते आहे, एवढेच जाणवते. आतले पाणी एका बाजूला धावले की क्षणात पालथे! निघण्यापूर्वी बूच हाताने तपासणे आणि अधूनमधून नौका हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते ऐकणे, यावर जीव अवलंबून असू शकतो, हे सांगूनही पटत नाही.

नांगराचेही तसेच आहे. गळ टाकायला एका जागी थांबावे लागते, म्हणून कयाकवाले लहान नांगर बाळगतात. हा नांगर बाजूला बांधला आणि प्रवाह जोरात असला की दोरी ताणते, तीच कड खाली ओढली जाते आणि नौका आडवी होते. दोर नेहमी नौकेच्या टोकालाच असावा, एका झटक्यात सुटावा, आणि तो सुटला नाही तर कापायला सुरी अंगावरच्या जॅकेटला अडकवलेली असावी. डब्यातली सुरी नौकेबरोबर उलटते. हेच शिटीला, हेच मोबाइललाही लागू. पाण्यात पडल्यावर जे अंगावर आहे तेवढेच आपले. नौका हातून सुटली तर वारा तिला पोहणाऱ्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने घेऊन जातो.

आता लाइफ जॅकेट. अमेरिकेचा संघीय कायदा सांगतो, की नौकेवर माणशी एक जॅकेट असले पाहिजे. प्रौढाने ते अंगात घातलेच पाहिजे, असे तो म्हणत नाही. ग्रीन लेकवर सापडलेले जॅकेट कुणालाही चमत्कारिक वाटले नाही ते याचमुळे. न्यूयॉर्क राज्याने १ नोव्हेंबर ते १ मे या काळात लहान नौकांवर जॅकेट अंगात घालणे सक्तीचे केले आहे. मॅसॅच्युसेट्सनेही १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात कयाकवाल्यांना तशी सक्ती केली आहे. दोन्ही नियम थंड पाण्याच्या भीतीतून आले आहेत. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाच्या शरीराचा दीर्घ अभ्यास करून एक-दहा-एक असे सूत्र मांडले. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे आणि गारठून शुद्ध हरपायला एक तास. याचा अर्थ असा, की गारठ्याने मरण्याच्या खूप आधी माणूस बुडून मरतो, आणि त्या पहिल्या मिनिटात जॅकेट शोधून, घालून, बंद लावणे कुणालाही साधत नाही. कयाक स्पर्धांच्या आयोजकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. पाण्यावर असेपर्यंत जॅकेट अंगातच हवे, हा त्यांचा नियम आहे. बक्षिसाच्या रकमेपुढे जॅकेटचा उकाडा बहुधा जाणवत नसावा.

आपल्याकडे पाणी ऊबदार असते, तेव्हा हे सारे आपल्याला कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण महाराष्ट्रातही गेल्या काही वर्षांत कयाक दिसू लागली आहे. कोकणातील खाड्यांत आणि गोव्याच्या खारफुटीत ती पर्यटनाच्या निमित्ताने आली. मुंबई-पुण्याचे हौशी गळवाले आता स्वतःची कयाक गाडीच्या टपावर बांधून धरणांकडे व खाड्यांकडे निघू लागले आहेत. येथे गारठ्याचे भय नसले, तरी वारा आणि ओहोटी यांचे आहे. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनी धरणाच्या फुगवट्यावर अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला. ती बोट कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईच्या समुद्रात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून पंधरा जणांचा बळी गेला. त्यानंतर गेट वेच्या प्रवाशांच्या अंगावर जॅकेट चढले. पंधरा जणांच्या मृत्यूनंतर जे प्रवासी बोटीत आले, ते एकट्या हौशी गळवाल्याच्या बाबतीत कोण आणणार?

कोकण किनाऱ्यावर पावसाळा संपल्यानंतरच्या मोसमात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. शाळेच्या भूगोलातला हा धडा कयाकवाल्याने पुन्हा उघडावा. मासे खातात ती हीच वेळ. निघताना वारा पाठीशी, पाणी काचेसारखे आणि नौका आपोआप पुढे जाते. त्यात ओहोटी लागलेली असली तर खाडीच्या मुखातून बाहेर पडायला वल्हेही फार मारावे लागत नाही. परतीच्या वेळी हेच दोन्ही शत्रू होतात. साधारण ताकदीचा माणूस मासेमारीची रुंद कयाक तासाला चार-पाच किलोमीटर नेतो. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. एवढे पाणी सहा तासांत खाडीबाहेर पडते, तेव्हा अरुंद मुखाशी प्रवाह त्या वल्ह्याची सहज बरोबरी करतो. दुपारनंतर खारा वारा उठून बाहेर जाणाऱ्या पाण्याला समोरून भिडला, की मुखाशी उभ्या, तुटक लाटा उठतात. त्यात रुंद तळाची नौका सर्वांत आधी दगा देते. कोळी माणूस भरती-ओहोटी आणि उधाण-भांग पाहिल्याशिवाय होडी लोटत नाही. शहरी गळवाला सुटीचा वार पाहून निघतो.

शिवाय आपल्या खाड्या मोकळ्या नाहीत. उत्तर कोकणात प्रवाहाच्या तोंडावर डोल जाळी लावलेली असतात. प्रवाहात वाहत गेलेली कयाक त्यांच्या खुंटांवर आडवी अडकली, तर पाणी तिला दाबून धरते. पेडलवर चालणाऱ्या नौकेचे पर तरंगत्या जाळ्यांत गुंतले, की नौका अडते आणि जाळेही फाटते. त्या जाळ्यावर कुणाचे तरी पोट असते. वाशिष्ठीच्या काठी, सांगलीच्या कृष्णेत आणि थेट मुंबईच्या पवई तलावात मगरी आहेत. वीतभर उंचीच्या नौकेतून पाय पाण्यात सोडून बसणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर विचित्र चित्र दिसते. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. ही सवलत रोजच्या कालवणापुरते मासे मारणाऱ्या गरीब मच्छीमारासाठी ठेवलेली आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि वल्ह्याची कयाकही बिगरयांत्रिकच ठरते. म्हणजे समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो, बडे ट्रॉलर बंदरात बांधलेले असतात, मदतीला येऊ शकेल अशी बोट आसपास नसते, नेमक्या त्या दोन महिन्यांत हौशी कयाकवाल्याला यांत्रिक नौकांवरील ही बंदी अडवत नाही! पेडलवर चालणारी कयाक यांत्रिक की बिगरयांत्रिक? तिला विजेची छोटी मोटर लावली तर? अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी मोटर लावताच कयाकची मोटारबोट म्हणून नोंदणी सक्तीची करून हा प्रश्न निकालात काढला आहे. आपल्याकडे तो बंदरावरच्या शिपायाच्या मर्जीवर सोडण्यात अर्थ नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने एका परिपत्रकात तो निकाली काढावा. सवलत उपजीविकेसाठी आहे, हौसेसाठी नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हणावे.

धरणांवर वेगळा गुंता आहे. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिला न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखेच आहे, आणि काठावर उडणाऱ्या खटक्यांचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते. राज्याचे २०२१ चे साहसी पर्यटन धोरण सहली आयोजित करणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घालते. स्वतःची कयाक घेऊन निघालेला एकटा माणूस आयोजक नसतो, त्यामुळे तो त्या चौकटीबाहेर राहतो. केंद्राच्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिन नसलेल्या नौकांची स्थानिक पातळीवर नोंद ठेवण्याची कल्पना मांडली आहे. कयाकसाठी तिचा उपयोग करायचा, तर तो सक्तीच्या शुल्काचा आणि खेट्यांचा नवा मार्ग होऊ नये. ठेकेदार संस्थेने नाममात्र रकमेची दिवसभराची पावती द्यावी, तीवर निघण्याची व परतण्याची वेळ लिहावी, आणि अंगात जॅकेट नसलेल्याला पाण्यात उतरू देऊ नये. संस्थेला चार पैसे मिळतील आणि संध्याकाळी कोण परतले नाही हे काठावर कुणाला तरी ठाऊक असेल.

जॅकेट कोणते, हेही पाहायला हवे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५० न्यूटन दर्जाचे जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असलेल्या पाण्यासाठी असते. ते सुटसुटीत असल्याने वल्हवणाऱ्यांना आवडते, परंतु शुद्ध हरपलेल्या माणसाला ते उताणे करीलच असे नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने १०० न्यूटनचे घ्यावे. शहरांतल्या गळवाल्यांत पोहता न येणारे थोडे नाहीत. हजारो रुपयांचे रीळ घेणारा माणूस जॅकेट मात्र दुकानातले सर्वांत स्वस्त उचलतो, हे दृश्य कुठल्याही दुकानात पाहायला मिळेल.

दक्षिण कोकणातील उलांडीची होडी या संदर्भात आठवते. अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी लाकडी ओंडका बांधायचा, की ती लाटेत सहजासहजी कलत नाही. स्थैर्याचा प्रश्न आपल्या किनाऱ्याने रुंदी न वाढवता असा सोडवला होता. होडी हलकी राहते, वल्हवायला सोपी जाते आणि दोघांना वाळूवर ओढता येते. फायबरच्या होड्या आणि बाहेरची इंजिने आल्यावर या होड्या कमी होत गेल्या. कयाक विकत घेण्यापूर्वी अशा होडीतून एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराबरोबर गरवायला जाण्याची संधी मिळाली, तर ती दवडू नये. कुठल्या खडपाशी वाकडी लाट फुटते आणि कुठल्या ढगाला पाहून परत फिरायचे, हे तो दोन फेऱ्यांत दाखवून देईल. त्याच्या दिवसाच्या मजुरीची पुरेपूर भरपाई मात्र करावी.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या स्वयंसेवक शाखेने आणखी एक साधी गोष्ट केली आहे. ‘सापडल्यास कळवा’ असे लिहिलेली, मालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक टाकण्याची जलरोधक पट्टी ती कयाकवाल्यांना फुकट वाटते. कयाक हलकी असते. रात्री वाऱ्याने किनाऱ्यावरून सुटून ती एकटीच वाहत जाते, आणि रिकामी कयाक दिसली की शोधाची सारी यंत्रणा हलवावी लागते. पट्टी असली की एक फोन पुरतो. मालक घरी झोपलेला आहे की खरोखरच पाण्यात आहे, हे काही मिनिटांत कळते आणि खऱ्या शोधाचा वेळ वाचतो. आपल्याकडे सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३ आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आहेत. हे दोन क्रमांक, मालकाचे नाव आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी कयाकच्या आतल्या कडेला पक्क्या शाईने लिहायला दहा मिनिटे लागतात. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.